काट्यावर या

४ डिसेंबर, सोमवार

आलो एकदाचा तीर्थपुरीला. जालन्याहून निघालो तेव्हा एसटीच्या काचा लावून सगळे कुडकुडत होते. अंबड मागे पडलं तशी उन्हं वर आली, आणि पुढे दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. पुण्यातली नोकरी गेल्यापासून खिडकीबाहेर असं नुसतं बघत बसायला सुचलंच नव्हतं. कंडक्टरने विचारलं, कुणाकडचे पाहुणे? गूळ कारखान्यावर कामाला आलोय म्हटल्यावर हसला. मंग महिन्याभरात गोडाचं नाव काढायचे न्हाईत तुम्ही, म्हणाला.

खोली बाजाराच्या मागे, गच्चीवर. सकाळचं ऊन थेट गादीवर. कारखाना गावाबाहेर, शेअर रिक्षाने जाण्याइतका. खासगी आहे, लहान आहे, पण वास मात्र अर्ध्या तालुक्यात जाईल एवढा. मॅनेजर बद्रीनाथ साहेब म्हणजे भला अगडबंब माणूस. खुर्चीतून उठताना खुर्चीही थोडी वर येते. स्वतः रसाचा तांब्या घेऊन आले आणि शेवटचा घोट संपेपर्यंत समोर उभे राहिले.

काम सोपं आहे. ऊस घेऊन येणाऱ्या गाड्यांना टोकन द्यायचं सॉफ्टवेअर मी घरी बसून लिहिलंच आहे. ते इथल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवायचं आणि हंगामभर सांभाळायचं. प्रियाला फोन केला. बायको तिकडे जालन्यातच, मस्तगडला मेडिकलच्या काउंटरवर होती, मागे गिऱ्हाईकांचा गलका. म्हणाली, किती दिवसांनी तुमचा आवाज बरा वाटून राह्यला.

५ डिसेंबर, मंगळवार

आज काटाघर पाहिलं. गाड्यांचं वजन करायचा भला मोठा लोखंडी पाट जमिनीबरोबर बसवलेला, तो काटा. त्याच्या कडेला पत्र्याची खोली, ते काटाघर. खिडकीत वजनाचा लाल आकडा दाखवणारा डबा, आणि टेबलाखाली कॉम्प्युटर. त्याच्यावर अजून विंडोज एक्सपी चालतं, वीस वर्षं जुनं! काट्याला जोडणारं कार्ड नव्या मशीनमध्ये बसत नाही, म्हणून कुणी बदललं नाही. मला तर जुना वर्गमित्र भेटल्यासारखं झालं.

काटा सांभाळतात दैवशालाताई. चाळिशीच्या असतील. त्यांचे यजमान तातेराव आधी याच खुर्चीवर होते. दोन वर्षांपूर्वी ते कामावरच गेले, आणि कारखान्याने ती जागा ताईंना दिली. तातेराव जालन्यात कॉम्प्युटरचा क्लास करून आलेले, हौशी माणूस. त्यांनी गाडीवानांना बोलवायला 'पुकार' नावाचा एक प्रोग्रॅम बनवला होता. स्वतःच्या आवाजात सगळी बाराखडी रेकॉर्ड केली, जोडाक्षरंसुद्धा. नाव टाईप केलं की प्रोग्रॅम अक्षराला अक्षर जोडून भोंग्यावर पुकारतो आणि शेवटी म्हणतो, काट्यावर या.

तातेराव गेल्यापासून पुकार बंद आहे. गाडीवानांची रोज भांडणं होतात. बद्रीनाथ साहेबांचं म्हणणं, नवं सॉफ्टवेअर हवं ते करा, पण नंबर आला की पुकार आपोआप वाजला पाहिजे. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला झोपेतून उठवायचं आणि त्याच्या कानात नाव सांगायचं. कोडची एक ओळ.

ताईंना विचारलं, आवाज ऐकून त्रास तर होणार नाही ना? त्या म्हणाल्या, "त्रास कशाचा भाऊ? घरात एक फोटो हाय त्यांचा. आवाज कुठंच न्हाई."

६ डिसेंबर, बुधवार

सकाळी गावातल्या विहारात जाऊन बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. मग काटाघर. सॉफ्टवेअर बसलं, टोकन निघायला लागलं. पुकारची ओळ उद्या.

७ डिसेंबर, गुरुवार

एक ओळ म्हटलं होतं. ती काही चालेना.

जुन्या सिस्टिमवर कोडमधून दुसरा प्रोग्रॅम सुरू केला, की सिस्टिम एक नंबर परत देते. नंबर आला म्हणजे प्रोग्रॅम उठला. उठला नाही तर चूक दाखवते. मला नंबर येतोय, चूक येत नाही, आणि भोंग्यावर चकार शब्द नाही. पडद्यावर खिडकी नाही. चालू प्रोग्रॅमच्या यादीत पुकार नाही.

खिडकीशी अंगद नावाचा बैलगाडीवाला आपला नंबर विचारत उभा होता. चाचणीला त्याचंच नाव टाकलं. नंबर आला, आवाज नाही. तो म्हणाला, नाव बरं टाकलं साहेब, आता पयला नंबर माझाच धरा. सगळे हसले.

मग वाटलं, अक्षराचा घोळ असेल. तातेरावांनी जुना फॉन्ट वापरलाय, त्यात जोडाक्षरं वेगळी असतात. बद्रीनाथ साहेब मागे उभेच होते. माझं नाव टाका, द्र हाय त्याच्यात, म्हणाले. टाकलं. नंबर आला. आवाज नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून डोकं फोडतोय. भोंग्याची वायर बघितली, साउंड कार्ड बघितलं. पुकार हाताने दोनदा क्लिक करून उघडला तर ठणठणीत उघडतो. कोडमधून मात्र नाही.

दुपारी ताईंनी डबा उघडला, भाकरी आणि मेथीची सुकी भाजी पुढ्यात ठेवली. मग खाली बघून म्हणाल्या, माझं नाव टाकून बघता का. का म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, त्यांनी संसारात कधी माझं नाव घेतलं न्हाई. अगं, ऐकलं का, नाहीतर पोराची माय. गावात तशीच पद्धत. बाराखडीत सगळी अक्षरं हायत म्हणता ना, मंग माझंबी नाव त्यांच्या तोंडून निघंल की.

टाईप केलं. दैवशाला. नंबर आला. ताई भोंग्याकडे मान वर करून बसल्या होत्या. हातातला घास तसाच.

काही वाजलं नाही. राहू द्या, म्हणाल्या, आणि डबा बंद केला.

त्यांना हाताने पुकार उघडून त्यात नाव टाकून ऐकवायला हवं होतं, हे मला खोलीवर आल्यावर सुचलं.

११ डिसेंबर, सोमवार

सापडलं! इतकं साधं, की हसू आलं.

सकाळी आणखी एक नाव टाकून पाहिलं, प्रिया. बोटांना तेच नाव येतं. नंबर आला, आवाज नाही. मग कोडची ओळ मोठ्याने वाचली, आणि दिसलं. तातेरावांच्या फोल्डरचं नाव 'काटा घर'. मध्ये मोकळी जागा. जुनी सिस्टिम अशा पत्त्याला अवतरणचिन्हं नसली की मोकळ्या जागेपाशी अडते. 'काटा घर'मधला पुकार शोधण्याआधी ती थेट सी ड्राइव्हवर 'काटा' नावाचा प्रोग्रॅम आहे का बघते. पत्ता चिन्हांत घातला, आणि भोंगा खरखरला.

आवाज भारदस्त होता, थोडा तुटक. पुढच्या गाडीवानाचं नाव एकेक अक्षर ठेवत घेतलं आणि म्हणाला, काट्यावर या. बाहेर गाडीवानांनी टाळ्या पिटल्या. ताईंनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे पाठ केली. त्यांचं नाव हाताने टाकून ऐकवू का विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाल्या. इतक्या लोकांत नको.

१२ डिसेंबर, मंगळवार

सगळं बराबर चालू आहे. नंबर येतो, पुकार बोलतो, गाडी काट्यावर येते. बद्रीनाथ साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना गुळाची ढेप फोडून वाटली. प्रियाला म्हटलं, रविवारी येतो.

१८ डिसेंबर, सोमवार

जालन्याला जाऊन आलो, प्रियाला भेटून मन हलकं झालं होतं. आज लिहायचं मन नाही, तरी लिहितो.

अंगद गेला. दुपारी यार्डात गाडीच्या सावलीला झोपला होता. त्याची गाडी सकाळीच रिकामी झाली होती, नंबर यायचा प्रश्नच नव्हता. शेजारचे सांगतात, एकदम उठून बसला, ओ, आलो, म्हणाला आणि चालू लागला. मी खिडकीतून पाहिलं त्याला. आरामात येत होता, टोपी सारखी करत. रिकाम्या काट्याच्या बरोबर मधोमध उभा राहिला आणि खाली बसल्यासारखा पडला.

भोंगा तेव्हा गप्प होता. मी समोरच होतो, कुणीही पुकारलं नव्हतं.

डॉक्टर हार्ट म्हणाले. तरणाताठा माणूस. त्याला उचलून जीपमध्ये घातलं, तरी डब्यावर साठ किलो दिसतच होते. ताईंनी बटण दाबून शून्य केलं. पुन्हा साठ. कुठंतरी दगड अडकला असेल म्हणून माणसं खाली वाकून बघून आली. दगड नव्हता. संध्याकाळी आपोआप शून्य झालं.

२३ डिसेंबर, शनिवार

बद्रीनाथ साहेब जालन्याला मोंढ्यात, घाऊक बाजारात, गेले होते. दुपारी काटा रिकामा होता आणि डब्यावर एकदम एकशेवीसचा आकडा चढला. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. कारखान्यात तेवढ्या वजनाचा माणूस एकच.

तासाभराने फोन आला. आडतीत चहा पीत बसले होते. कोण बोलवतंय बघा रे, म्हणाले. कुणी बोलवत नव्हतं. ओ, आलो, म्हणत कप ठेवला, पायऱ्या उतरले आणि रस्त्यावर पडले.

साहेबांनी पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने रस पाजला होता मला.

२५ डिसेंबर, सोमवार

काल त्यांच्या घरी जाऊन आलो. परत येताना एसटीत एक गोष्ट डोक्यात आली, ती जात नाही. आधी अंगद, मग बद्रीनाथ. याच क्रमाने मी नावं टाकली होती.

योगायोग. माणसं मरतात.

आज ताईंना सरळ विचारलं, तातेराव कसे गेले. त्या म्हणाल्या, "असेच. बसल्याबसल्या ओ म्हणाले. मी डबा घेऊन आल्ते, म्हणलं मला का ओ देतात? माझ्याकडं बघितलंबी न्हाई. उठून काट्यावर गेले."

तातेरावांनीही प्रोग्रॅम बनवताना कधीतरी स्वतःचं नाव टाकून पाहिलं असेल. कोण टाकत नाही?

२६ डिसेंबर, मंगळवार

पुकार वाजत नव्हता तेव्हाही मला नंबर येत होता. नंबर म्हणजे काहीतरी उठलं होतं. पुकार नाही उठला, मग काय उठलं? हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. काम चाललं म्हणून सोडून दिलं.

आज सी ड्राइव्ह उघडला. फोल्डरांच्या खाली एकटीच एक फाईल. नाव 'काटा'. बनवणाऱ्याचं नाव कोरं, तारखेची जागा कोरी. पुकारला जाणारं प्रत्येक नाव आधी त्या फाईलच्या हातात गेलं.

मग चालू प्रोग्रॅमच्या यादीत 'सगळ्या वापरणाऱ्यांचे दाखवा' या चौकटीत खूण केली. माझ्या लॉगिनमधले तेवढेच आजवर बघत होतो. खूण केल्याबरोबर यादी खाली वाढली. काटा. काटा. दोन वेळा. वापरणाऱ्याच्या रकान्यात काही नाही. दोघांसमोर तेच नंबर, जे मला ताईंच्या आणि प्रियाच्या नावाला आले होते. माझ्या कोडमध्ये ते नोंदलेले आहेत, ताडून बघितले.

चार उठवले होते. दोन काम संपवून गेले.

बंद करा म्हटलं, परवानगी नाही म्हणाला. फाईल पुसा म्हटलं, वापरात आहे म्हणाला. शेवटी वायर ओढली. परत चालू केल्यावर यादीत काही नव्हतं. सी ड्राइव्हवर ती फाईलही नव्हती. मला इतकं हलकं वाटलं, की बाहेर जाऊन दोन चहा प्यालो.

२८ डिसेंबर, गुरुवार

ताई गेल्या.

माझ्या शेजारी बसल्या होत्या. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, यार्डात पन्नास माणसं. पावतीवर सही करता करता हात थांबला. मान वर झाली. असा चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही. सगळ्या सुरकुत्या गेल्या. म्हणाल्या, "ऐकलं का भाऊ? नाव घेतलं त्यांनी. माझं नाव."

मी त्यांचा हात धरला. ओ देऊ नका म्हणालो. ताई, तो कॉम्प्युटर आहे, ते नव्हेत, ओ देऊ नका. त्या माझ्याकडे बघून हसल्या. लहान लेकराची समजूत घालतात तशा म्हणाल्या, "बाईनं इतक्या वर्षांत पयल्यांदा हाक ऐकली, आन् ओ बी देऊ नको?"

ओ, म्हणाल्या. मग हातात जोर कुठून आला कळलं नाही. मला ओढतच दारापर्यंत नेलं. मी पडलो. त्या पदर सावरत काट्यावर गेल्या.

डब्यावर पन्नास. त्यांना नेलं तरी पन्नास.

वायर ओढून काही झालं नव्हतं. एकदा उठवलं की त्याला कॉम्प्युटर लागत नाही.

आता एकच नाव उरलं.

२९ डिसेंबर, शुक्रवार

प्रियाला फोन केला. सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली. म्हटलं, कुणी नावाने हाक मारली तर ओ देऊ नको, काहीही झालं तरी. ती म्हणाली, मला नावानं हाक मारणारं आहे कोण? दुकानात मॅडम, शेजारी वहिनी. माय-बाप न्हाईत. नाव घेणारे तुम्ही एकटेच.

मग माझ्या समाधानासाठी म्हणाली, "तुमच्याशिवाय कुणाच्याच हाकेला ओ देणार न्हाई. झालं?"

झालं म्हटलं. जीव भांड्यात पडला.

१ जानेवारी, सोमवार

सिस्टिमच्या काळ्या खिडकीत तोच जुना चुकीचा पत्ता टाकून माझं नाव पाठवलं. अवतरणचिन्हं काढून. संघपाल. तिच्या आधी माझा नंबर लागावा म्हणून. फाईल सापडत नाही, म्हणाला. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. दिवसभर पाठवत राहिलो.

मला घेत नाही ते.

३ जानेवारी, बुधवार

साहेबांच्या जागी मालकांचा पुतण्या आलाय, सोमेश्वर. माझ्याच वयाचा. त्याला सांगून बघितलं. चार दिवस सुट्टी घ्या म्हणाला. पण गाडीवान तातेरावांच्या आवाजाला भ्यायलेत, त्या आवाजावर काट्याकडे यायला कुणी तयार नाही. म्हणून आवाज बदला म्हणाला. तुमचाच टाका.

मला ते पटलं. ताईंना हाक ऐकू आली ती तातेरावांच्या आवाजात. म्हणजे ते जे काही आहे, त्याला स्वतःचा आवाज नाही. पुकारच्या बाराखडीतून उचलतं. तातेरावांची अक्षरं पुसली तर ते हाक कशाने मारणार?

दार लावून बसलो आणि सगळी बाराखडी माझ्या आवाजात भरली. तातेरावांचं एकेक अक्षर पुसलं गेलं. फक्त 'प्रि' भरलं नाही. तिथे नुसता श्वास रोखून बसलो, शांतता भरली. त्या अक्षराशिवाय तिचं नाव होत नाही.

आता तिला कुणी हाक मारू शकत नाही. काम सोडतोय. उद्या जालना.

४ जानेवारी, गुरुवार

मस्तगडला पोचलो. प्रियाने माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागली, एवढा वाळलोय म्हणाली. पिठलं-भात केला. पोटभर जेवलो. तिने दुकानातून रजा घेतलीय. खिडकीत ऊन आहे, खाली भाजीवाला ओरडतोय.

संपलं असं वाटतंय.

५ जानेवारी, शुक्रवार

सोमेश्वरचा फोन आला. तो सहज बोलत होता. आवाज छान बसलाय म्हणाला. सकाळी एका गाडीवानाचं नाव पुकारलं, प्रियदर्शन, एकदम स्वच्छ.

मी म्हटलं, 'प्रि' मी भरलंच नाही.

तो म्हणाला, असं कसं, तुमचाच तर आवाज आहे.

६ जानेवारी, शनिवार

तुमच्याशिवाय कुणाच्याच हाकेला ओ देणार नाही. असं म्हणाली होती. आणि मी माझा आवाज—

मी स्वतः जाऊन भरून आलो. एकेक अक्षर.

सांगितलं तिला. माझ्यासुद्धा हाकेला ओ देऊ नको. मी तुला कधीच हाक मारणार नाही. काही लागलं तर जवळ येऊन हात लावीन. ती म्हणाली, असं कसं राहायचं हो घरात.

पण कबूल केलं.

७ जानेवारी, रविवार

दोघं एकाच खोलीत. टीव्ही मोठा करून ठेवलाय. तिच्या कानात कापूस. डॉक्टरांकडे जाऊ म्हणते, माझ्यासाठी. जाऊ म्हटलं.

सोमेश्वरचा फोन घेत नाही.

८ जानेवारी, सोमवार

दुपारी झोप लागली. दचकून उठलो. ती उशाशी बसली होती. म्हणाली, तुम्ही झोपेत माझं नाव—

मी नाही.

तिने ओ दिला नव्हता. विसरले नव्हते मी, म्हणाली.

ती पहिलीच वेळ होती की त्याआधीही— विचारलं नाही.

९ जानेवारी, मंगळवार

आज ती सांगते, सकाळपासून चालू आहे. अंघोळ करताना. कपडे वाळत घालताना. मी समोर तोंड मिटून बसलेला तिला दिसतो आणि माझाच आवाज मागून येतो. आधी नुसतं नाव. आता लाडाने. रागाने. आजारी असल्यासारखा.

कापसाने काही होत नाही.

किती वेळ नाही देणार ओ. माणूस आहे. बायको आहे माझी.

१० जानेवारी, बुधवार

रात्रभर हात धरून बसलो. सकाळी ती बरी वाटली. हसली. भूक लागलीय म्हणाली, खिचडी टाकते. मी दारात बसून लिहितोय, इथून तिची पाठ दिसते. कापूस काढून ठेवलाय, दुखतात म्हणे कान. कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक केला तिने. काहीतरी गुणगुणतेय, किती दिवसांनी

थांबली.

मान वळवली. माझ्याकडे नाही. जिन्याकडे. सवयीनं, अगदी रोजच्यासारखं, हात पुसत—

"ओ, आले."

मी हाक मारली नाही. मी हाक मारली ना—